‘कुठले जाधव?’ या प्रश्नावर साताऱ्यातल्या एका बोर्डिंगने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर शोधलं होतं

कॉलेजचा पहिला आठवडा. हॉस्टेलची नवी खोली, कुठला पलंग कुणाचा यावरून चाललेली ओढाताण आणि ओळखीचे ठरलेले प्रश्न. नाव काय? गाव कुठलं? आडनाव?

समोरचा म्हणतो, जाधव.

क्षणभर शांतता. मग पुढचा प्रश्न येतो, ‘कुठले जाधव?’

सातारा-सांगली भागात वाढलेल्या कुणालाही या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावं इकडे एका जातीची नाहीत. त्यामुळे नुसत्या आडनावावर अंदाज लागत नाही. मग गावातली आळी कुठली, पाहुणे कुठले, मोबाईलच्या कव्हरवर फोटो कुणाचा, स्टेटसला कुठली जयंती, असं करत करत अंदाज पक्का केला जातो.

यातली गंमत अशी की, विचारणाऱ्याला यात काही चुकीचं वाटत नाही. ‘सहज विचारलं’ असं त्याचं म्हणणं असतं आणि ते खोटंही नसतं. ‘आपण जातपात मानत नाही’ हे तो मनापासून सांगतो. पण पुढच्या वर्षी रूम पार्टनर निवडायची वेळ आली, प्रोजेक्टचा ग्रुप करायचा झाला, की बहुतेक वेळा ‘आपलीच’ पोरं एकत्र आलेली दिसतात. कुणी ठरवलेलं नसतं, तरी तसंच होतं.

हे असं का होतं? आणि ते बदलता येतं का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जगभरातले मानसशास्त्रज्ञ ज्या ठिकाणी पोहोचले, तिथे साताऱ्यातला एक माणूस १९२४ सालीच पोहोचला होता. कसा, ते बघू.

नकळत पूर्वग्रह म्हणजे काय?

पूर्वग्रह दोन प्रकारचे असतात. एक उघड. म्हणजे ‘त्यांच्या हातचं आम्ही खात नाही’ असं तोंडावर सांगणारा. दुसरा असतो तो नकळत काम करणारा. इंग्रजीत त्याला ‘इम्प्लिसिट बायस’ म्हणतात. आपल्या मेंदूला माणसांचे गट पाडायची सवय असते. लहानपणापासून जे ऐकलं, पाहिलं, सिनेमात बघितलं त्यावरून प्रत्येक गटाला एक लेबल चिकटलेलं असतं. माणूस समोर आला की आपण विचार करायच्या आधी ते लेबल पुढे येतं.

१९९८ साली अमेरिकेत अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजायची एक चाचणी तयार केली. स्क्रीनवर चेहरे आणि शब्द झरझर येतात, तुम्ही बटणं दाबत त्यांच्या जोड्या लावायच्या. ‘गोरा’ आणि ‘चांगला’ ही जोडी पटकन लागते की ‘काळा’ आणि ‘चांगला’, यातला सेकंदाच्या अंशाचा फरक मोजला जातो. आपण वंशभेद मानत नाही असं सांगणाऱ्या अनेकांच्या बोटांनी वेगळंच उत्तर दिलं. या चाचणीवर वादही भरपूर झाले. एखादा माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे ती नीट सांगू शकत नाही, असा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. पण पूर्वग्रह असायला मनात द्वेष असावाच लागतो असं नाही, एवढं या चर्चेतून पुढे आलं.

अमेरिकेत हा प्रश्न कातडीच्या रंगाचा आहे. आपल्याकडेही तो आहेच. ईशान्य भारतातल्या मुलांना चेहऱ्यावरून नावं ठेवणं इतकं सर्रास होतं की २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर केंद्र सरकारला बेझबरुआ समितीकडे हा विषय द्यावा लागला. पण सातारा-सांगलीच्या हॉस्टेलमध्ये रंगाआधी आडनाव येतं. चेहऱ्यावर जात दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते.

विचारलं तर बिघडलं कुठं?

असं वाटणं साहजिक आहे. याचं उत्तर उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगात आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुलं वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींची, निम्मी दलित. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, पण या वेळी दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली.

त्यांना कुणी शिवी दिली नव्हती, वेगळं बसवलं नव्हतं. फक्त चारचौघांत जात उच्चारली होती.

पुढे नोकरीच्या दारातही हेच होतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला पुढचा कॉल येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती, तर मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश.

म्हणजे ‘सहज विचारलं’ हे विचारणाऱ्यासाठी सहज असतं. ज्याला विचारलं जातं, तो उत्तर देण्याआधी आता पुढे काय होणार याचा हिशोब मनात करत असतो.

सातारा, १९०० : वर्ग एक, बसायला गोणपाट वेगळं

आता यावर सोपा उपाय काय? सगळ्यांना एका वर्गात बसवा, आपोआप मैत्री होईल. ऐकायला बरं वाटतं. पण साताऱ्यानेच हे खोटं ठरवलं आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातल्या राजवाड्याच्या इमारतीत भरणाऱ्या सरकारी शाळेत एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरला नाव लागलं, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

साताऱ्यातले शाळेचे दिवस कसे होते, ते बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. वर्गात इतर मुलांच्या रांगेत जागा नव्हती, कोपऱ्यात एकट्याने बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि शाळा सुटली की परत घरी आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसेही होते, पण भावंडांचे केस घरी बहीण कापायची.

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीतला प्रसंगही त्यांनी सांगितला आहे. वडील कोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला भिवा, त्यांचा भाऊ आणि भाचे असे सगळे रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही एका अटीवर : गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. पैसे होते, सोबत डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

वर्ग एकच, शिक्षक तेच, फळाही तोच. आजच्या भाषेत बोलायचं तर ‘इंटिग्रेशन’ कागदावर पूर्ण होतं. तरीही त्या वर्गात बसणाऱ्या बाकीच्या मुलांच्या मनातली भिंत पडली नाही. उलट रोज डोळ्यांसमोर एक मुलगा कोपऱ्यात गोणपाटावर बसलेला दिसत असेल, तर ‘त्याची जागा तीच’ हे शाळेनेच शिकवल्यासारखं होतं.

सातारा, १९२४ : पंगत एक, काम एक

यानंतर दोन तपांनी त्याच साताऱ्यात वेगळी गोष्ट घडली. पण तिची सुरुवात सांगली जिल्ह्यातली.

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं जैन, घर ऐतवडे बुद्रुकचं. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळात शाहू महाराज जातवार वसतिगृहं उभी करत होते. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम असं एकेक बोर्डिंग निघत होतं. दलित मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊरावांच्या चरित्रांत एक प्रसंग आवर्जून येतो. ते या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले. परतल्यावर, अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं.

१९१० च्या सुमारास मिरज तालुक्यातल्या दूधगावात त्यांनी गावातल्या मंडळींना सोबत घेऊन विद्यार्थी आश्रम काढला. वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, हा त्यातला मुद्दा. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं.

इथे शाहू महाराज आणि भाऊराव यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा. शाहू महाराजांची जातवार वसतिगृहं ही फूट पाडण्यासाठी नव्हती. ज्या समाजातलं एकही पोरगं शहरात येऊन शिकू शकत नव्हतं, त्याला आधी छप्पर मिळणं गरजेचं होतं. आपल्या समाजाचं बोर्डिंग म्हटल्यावर त्या त्या समाजातली माणसं पैसे उभे करायला पुढे आली. ती पहिली पायरी होती. भाऊरावांनी दुसरी पायरी चढायची ठरवली आणि बोर्डिंगला नाव मात्र महाराजांचंच दिलं.

साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, मुस्लिम, जैन अशी सगळी पोरं एकत्र राहायची. पण ती नुसती राहायची नाहीत. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातलं काम हे सगळं पोरांनीच करायचं. आज ज्याची पाळी त्याने भाकरी थापायच्या, उद्या दुसऱ्याने. धान्य कमी पडलं तर सगळ्यांच्याच पोटाला चिमटा. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद यातूनच आलं. ज्याच्या हातची भाकरी खायला घरचे नको म्हणाले असते, त्याच्याच हातची भाकरी रोज ताटात यायची.

या सगळ्याचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. भाऊरावांच्या पत्नी. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांच्यासाठी हा बदल सोपा नव्हता. पण घरात पोरं राहायला आली, त्यांची आजारपणं काढावी लागली, त्यांच्या पोटाची काळजी करावी लागली आणि त्या त्यांच्या आई झाल्या. पोरांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या.

जातीविरुद्ध भाषण ऐकून त्या बदलल्या नाहीत, रोजच्या चुलीपाशी बदलल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण नंतरच्या संशोधनातही हेच दिसलं.

तीस वर्षांनी आलेले चार नियम

१९५४ साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचं ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ हे पुस्तक आलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याच वर्षीचा. दोन गट एकत्र आले की पूर्वग्रह कमी होतो, पण चार अटी असतील तर, असं ऑलपोर्ट यांचं म्हणणं होतं.

• त्या ठिकाणी दोघांचा दर्जा सारखा हवा.
• दोघांचं उद्दिष्ट एक हवं.
• ते गाठायला एकमेकांच्या मदतीची गरज पडली पाहिजे.
• नियम, संस्था आणि वरची माणसं या एकत्र येण्याच्या बाजूने उभी हवीत.

आता या चार अटी साताऱ्याला लावून बघा. १९०० च्या वर्गात यातली एकही नव्हती. दर्जा गोणपाटाचा, काम ज्याचं त्याचं आणि पाणी द्यायचं की नाही हे शिपायाच्या हातात. १९२४ च्या बोर्डिंगमध्ये चारही होत्या. कामाची पाळी सगळ्यांना सारखी, शिकायचं सगळ्यांना, एकाने भाकरी केली नाही तर सगळे उपाशी आणि डोक्यावर भाऊराव.

रूम पार्टनरने फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात काही गोऱ्या विद्यार्थ्यांना गोरा रूममेट मिळाला होता, काहींना कृष्णवर्णीय. कुणाला कोण मिळणार हे त्यांच्या हातात नव्हतं. नटाली शूक आणि रसेल फाझिओ यांनी २००८ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. वेगळ्या वंशाच्या रूममेटसोबत राहणाऱ्यांनी सांगितलं की, आमचं फार काही जमत नाही. सोबत वेळ घालवणंही कमीच होतं. पण काही आठवड्यांनी त्यांचे नकळत पूर्वग्रह मोजले, तेव्हा ते कमी झालेले दिसले. म्हणजे गळ्यात गळे नसले तरी आतमध्ये काहीतरी सरकत होतं.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीचं आहे. तिथल्या मोठ्या खासगी शाळांमध्ये गरीब मुलांना प्रवेश देणं बंधनकारक झालं. गौतम राव यांनी त्याचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र मिळालेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. यातला बारकावा असा की, काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या इंग्रजी अद्याक्षराप्रमाणे पडायचे. अशा गटात प्रत्यक्ष सोबत काम केलेल्या मुलांमध्ये हा बदल ठळक होता.

तिसरं उदाहरण क्रिकेटचं. मॅट लोव या अर्थतज्ज्ञाने उत्तर प्रदेशातल्या गावांत बाराशेहून जास्त तरुणांना घेऊन क्रिकेट लीगचा प्रयोग केला. काही संघ एका जातीचे, काही मिश्र. जे एका संघातून खेळले त्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. जे फक्त समोरासमोर खेळले, त्यांच्यात तसं झालं नाही, उलट मैत्रीच्या बाबतीत परिणाम नकोसाच दिसला. एकाच मैदानावर असणं पुरेसं नव्हतं, एकाच संघात असावं लागलं.

पण हे रामबाण औषध नाही

नाही, आणि तसा दावा कुणी करू नये.

पहिली अडचण म्हणजे अपवाद काढायची सवय. ‘तू तसला वाटत नाहीस रे’ हे वाक्य कौतुक म्हणून येतं. त्यात एक मित्र सुटतो आणि लेबल जागच्या जागी राहतं.

दुसरी, मैत्री हॉस्टेलच्या गेटपाशी थांबते. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातली आंतरजातीय लग्नं पाच टक्क्यांच्या आसपासच होती. एका ताटात जेवणारे मित्र लग्नाच्या गोष्टी निघाल्या की पुन्हा ‘कुठले जाधव?’ वर येतात.

तिसरी, बाकीच्यांचे पूर्वग्रह सुधारायची जबाबदारी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. म्हणून कायदा लागतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी कॉलेजांना समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या कॉलेजात हा अधिकारी कोण आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल, हा प्रश्न विचारून बघायला हरकत नाही.

मग आज काय करता येईल?

आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून जास्त शाखा आहेत आणि ‘कमवा आणि शिका’ योजना महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. पण त्यात एक फरक पडला. १९२४ मध्ये काम सगळ्यांना होतं. आज एखाद्या कॉलेजात फक्त गरजू मुलंच झाडांना पाणी घालताना दिसत असतील आणि बाकीचे कट्ट्यावर बसून बघत असतील, तर सारख्या दर्जाची अट तिथेच मोडते.

सरकारी वसतिगृहंही सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण अशा वेगवेगळ्या खात्यांची आहेत. शाहू महाराजांच्या काळातलं कारण अजून संपलेलं नाही, कारण तो आधार नसेल तर कित्येक मुलांना शहरात राहणंच परवडणार नाही. त्यामुळे ती बंद करा असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. पण ज्या ठिकाणी मुलं एकत्र येतात, म्हणजे कॉलेजचं हॉस्टेल, वर्ग, प्रयोगशाळा, एनएसएसचा कॅम्प, कबड्डीचा संघ, तिथे तरी १९२४ चे नियम लावता येतात.

त्याला निधी लागत नाही. प्रोजेक्टचे ग्रुप मुलांनी ‘आपापले’ करण्याऐवजी नावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडता येतात. पहिल्या वर्षी खोल्या चिठ्ठ्या टाकून देता येतात. मेसची, स्वच्छतेची पाळी सगळ्यांना सारखी लावता येते. वर्गात सर्वांसमोर शिष्यवृत्तीची यादी वाचताना जातीचा प्रवर्ग मोठ्याने उच्चारायचं थांबवता येतं. हॉफ आणि पांडे यांच्या प्रयोगातली मुलं आठवली तर हा बदल किरकोळ वाटणार नाही.

आणि विद्यार्थ्यांच्या हातातलं काय? नवीन रूम पार्टनर येईल तेव्हा त्याला आडनावाच्या पुढचं काही विचारायचं असेल, तर विषय भरपूर आहेत. भाकरी करायला येते का, हा साताऱ्याच्या बोर्डिंगमधला जुना प्रश्न त्यातल्या त्यात बरा.